तुटलेल्या स्टडवरच्या रेघा

नवरात्र बसायच्या आधीचा शनिवार. दुपारी अडीचच्या सुमाराला सरांचा फोन आला. "अरे, तुळजापूरहून परत येतोय. तामलवाडीच्या अलीकडे थांबलोय. मागच्या डाव्या चाकातून टक टक आवाज येतोय. तसाच हळूहळू येऊ का?"

"सर, गाडी जागची हलवू नका," मी म्हटलं. "काकूंना उतरवून सावलीला बसवा. मी निघालोच."

सरांनी मला आठवी ते दहावी विज्ञान शिकवलं. सोलापूरला होटगी रोडवर माझं गॅरेज आहे आणि त्यांची पांढरी मारुती 800 पहिल्यापासून माझ्याकडेच येते. 1998 सालची गाडी, पीएफवर कर्ज काढून घेतलेली. आता मुलगा पुण्यात आहे, मोठी गाडी घेऊन देतो म्हणतो, पण सरांना हीच हवी. मलाही ही गाडी आवडते. 14 डिसेंबर 1983 ला दिल्लीत इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुतीची किल्ली दिली गेली आणि जानेवारी 2014 मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली. मधल्या तीस वर्षांत एकट्या भारतात 25 लाखांहून जास्त विकल्या गेल्या. सोलापूरच्या बोळाबोळांत त्यातल्या कितीतरी अजून रोज चालू होतात. त्यांच्यावर काम करणाऱ्या माणसाला हे सगळं माहीत असावं, असं मला वाटतं.

मी पोचलो तेव्हा काकू बाभळीखाली बसल्या होत्या आणि सर चाकाजवळ उभे होते. चाकावर प्लॅस्टिकची व्हील कॅप होती. पेचकसाने ती काढली, तर आतून एक नट माझ्या तळहातावर पडला. त्या नटात स्टडचा तुटका तुकडा अडकलेला होता. टक टक आवाज त्याचाच. तो कॅपच्या आत गोल गोल फिरत होता. चारपैकी आणखी एक स्टड मुळाजवळ तुटलेला होता, त्याचा नट रस्त्यात कुठेतरी पडून गेला असावा. तिसरा नट बोटांनी फिरत होता. चौथा तेवढा घट्ट होता. तुळजापूरचा घाट उतरून, दोन माणसं आणि पिशव्या घेऊन, ते चाक जवळपास एका स्टडवर आलं होतं.

सर म्हणाले, "उरलेले दोन घट्ट कर की. पंचवीसेक किलोमीटरचा तर प्रश्न आहे."

मी नाही म्हटलं. गाडी टेम्पोवर चढवून आणली. त्या दिवशी सरांना ते जास्तीचं वाटलं. ते का नव्हतं, ते सांगायलाच हा लेख लिहायला घेतला.

स्टड म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं ती जाड आट्यांची खुंटी. मारुतीच्या प्रत्येक चाकाला चार असतात, 12 मिलिमीटर जाडीचे, त्यावर एकोणीसच्या पान्याचा नट. चाक ओवायचं, नट आवळायचे, झालं. हे काम पंक्चरवाल्यापासून घरातल्या कॉलेजच्या पोरापर्यंत सगळे करतात, म्हणून कुणाला त्यात विचार करण्यासारखं काही वाटत नाही. बहुतेकांची समजूत अशी की गाडीचं वजन त्या चार खुंट्यांवर टांगलेलं असतं, भिंतीच्या खिळ्याला सदरा टांगावा तसं. तसं नसतं. नट आवळला की स्टड अगदी किंचित, डोळ्याला न दिसण्याइतका, लांब होतो. ताणलेल्या स्प्रिंगसारखा तो परत आखडायला बघतो आणि त्या ओढीने चाकाची रिम ब्रेकच्या ड्रमच्या तोंडावर दाबून धरतो. साधा व्हील पाना वीतभराहून थोडा मोठा असतो. त्यावर माणसाने बेताचा जोर लावला तर एका स्टडमध्ये दोन-अडीच टनांची ओढ तयार होते. चारांची मिळून दहा टनांच्या आसपास. एवढ्या दाबाने धरलेली रिम ड्रमवर केसभरही सरकत नाही. गाडीचं वजन, ब्रेकचा झटका, खड्ड्याचा मार, हे सगळं त्या दोन तोंडांमधल्या घर्षणावर जातं. स्टड फक्त ओढून धरतो.

ही ओढ कमी झाली की सगळा हिशोब बदलतो. रिम हलायला लागते आणि चाकाच्या प्रत्येक फेरीला स्टड एकदा इकडे, एकदा तिकडे वाकतो. मारुतीचं चाक लहान, बारा इंची. एका किलोमीटरला त्याच्या सहाशेच्या आसपास फेऱ्या होतात. सोलापूर ते तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर, म्हणजे एका बाजूच्या प्रवासात सत्तावीस हजार. तार हातात घेऊन वीस वेळा वाकवली की तुटते, हे आपण लहानपणी केलेलं असतं. स्टड तारेपेक्षा कितीतरी दणकट असतो आणि वाकतोही अगदी थोडा, पण सत्तावीस हजार म्हणजे सत्तावीस हजार.

गॅरेजमध्ये आल्यावर मी कॅपमधला तुकडा आणि ड्रममध्ये राहिलेलं दुसऱ्या स्टडचं बूड रॉकेलने धुतलं आणि भिंग घेऊन उन्हात बसलो. सरांनाही शेजारी बसवलं.

ज्याचा तुकडा कॅपमध्ये सापडला त्याची तुटलेली बाजू सगळी करडी होती, दाणेदार, खडीसाखर मोडल्यावर दिसते तशी चमकणारी. ही ताजी तूट. दुसऱ्या स्टडचं बूड मात्र वेगळंच होतं. एका कडेला आट्याच्या खोबणीत एक बारीक काळपट ठिपका. तिथून आत पसरत गेलेला तपकिरी, गुळगुळीत अर्धचंद्र. त्या अर्धचंद्रावर एकामागून एक वाकड्या रेघा, शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा. ठिपक्याजवळ अगदी दाट, पुढे पुढे विरळ. आणि उरलेल्या पाव भागात तीच चमकती खडीसाखर. म्हणजे हा स्टड एका दिवसात तुटला नव्हता. चीर एका ठिपक्यातून सुरू झाली, थोडी पुढे सरकली, थांबली, परत सरकली. मध्ये हवा-पाणी लागून गंज चढत गेला. तीन चतुर्थांश जाडी अशी खाल्ली गेल्यावर उरलेला पाव भाग एका झटक्यात गेला. तो कधी गेला ते कळायला मार्ग नव्हता, कारण वर कॅप होती. तो गेल्यावर त्याच्या वाटचा भार शेजाऱ्यांवर आला.

सर बराच वेळ भिंगातून बघत राहिले. "हे झाडाच्या खोडासारखं आहे रे," म्हणाले.

मी हे बघायला शिकलो ते वडिलांकडून. वडील सोलापूर स्टेशनवर कॅरेज अँड वॅगन खात्यात होते. सोलापूरला रेल्वे 1860 मध्ये आली. तेव्हापासून गाडी थांबली की हातात लांब दांड्याचा हातोडा घेऊन चाकं ठोकत जाणारी माणसं इथल्या फलाटावर दिसायची. धड चाकाचा आवाज घणघणीत येतो, चीर गेलेल्या चाकाचा बद्द. लोखंड थकतं ही गोष्ट जगाला रेल्वेनेच शिकवली. 8 मे 1842 ला फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. त्या आसावर त्याला पेलणार नाही असं वजन नव्हतं. पेलेल इतक्याच वजनाखाली फिरत फिरत तो तुटला होता. पुढे ऑगस्ट व्होलर या जर्मन रेल्वे इंजिनियरने 1850 नंतरची दोन दशकं आस फिरवून फिरवून तोडण्यात घालवली आणि दाखवून दिलं की एका झटक्यात ज्या भाराने लोखंडाला काही होत नाही, तोच भार लाखो वेळा उलटसुलट दिला तर ते तुटतं. वडिलांना व्होलरचं नाव ठाऊक नव्हतं. पण तुटलेली वस्तू फेकायच्या आधी तिचं तोंड बघायचं, ही त्यांची शिस्त होती. त्यांचा हातोडा माझ्याकडे आहे.

आता चीर सुरू का झाली? याला दोन कारणं सापडली आणि दोन्ही रोजची आहेत.

पहिलं हवेच्या गनचं. काही महिन्यांपूर्वी हमरस्त्यावरच्या एका दुकानात सरांनी याच चाकाचं पंक्चर काढून घेतलं होतं. तिथे ट्रकचे नट सोडवायची मोठी गन होती आणि त्याच गनने मारुतीचे नट घट्ट केले. सर म्हणाले, "पोराने चांगले जोर लावून बसवले होते, मला बरं वाटलं." त्या गनचा जोर या स्टडला हवा त्याच्या कितीतरी पट असतो. स्प्रिंग एका मर्यादेपलीकडे ओढली की परत आखडत नाही, लांबूनच राहते. स्टडचंही तेच. तो बाहेरून धड दिसतो, पण त्याची ओढ गेलेली असते. हे ओळखायची एक सोपी खूण आहे. नवा नट घ्यायचा आणि पाना न लावता बोटांनी फिरवत न्यायचा. धड स्टडवर तो बुडापर्यंत लोण्यातून गेल्यासारखा जातो. ताणलेल्या स्टडवर मध्येच अडकतो, कारण आट्यांमधलं अंतर वाढलेलं असतं. सरांच्या गाडीचा तो चौथा, घट्ट बसलेला नट मी सोडवला आणि त्या स्टडवर नवा नट फिरवला. अर्ध्यात अडला. ज्याच्या भरवशावर सर पंचवीस किलोमीटर यायचं म्हणत होते, तो हा.

दुसरं कारण रंगाचं. गणपतीत सरांनी रिमा चंदेरी रंगवून घेतल्या होत्या. हौसेने दोन-दोन हात मारलेले. रिमेच्या आतल्या तोंडावर, जिथे ती ड्रमला टेकते तिथेही रंग, आणि नट बसतात त्या वाटीसारख्या खोलगट जागांतही रंग. नट त्या रंगावर आवळले गेले. चार दिवस गाडी फिरली, रंग चेपला, पापुद्रे निघाले आणि तेवढी ओढ सैल झाली. एका टनाची ओढ जायला कागदाच्या जाडीएवढा रंग पुरतो, कारण स्टड मुळात ताणलेलाच तेवढा असतो. रिमा जरूर रंगवाव्यात, पण टेकायची तोंडं आणि नटाच्या वाट्या चिकटपट्टी लावून झाकाव्यात. एवढं रंगवणाऱ्याला सांगायला काही लागत नाही.

मग ड्रम उतरवला. या गाडीत मागचा ड्रम आणि हब एकच असतं. बेअरिंग ड्रमच्याच पोटात असते आणि स्टडही त्यातच ठोकून बसवलेले असतात. म्हणून स्टड बदलायचा म्हणजे ड्रम बाहेर काढणं आलंच. पुढच्या चाकांना दगड लावले, गाडी जॅकवर घेऊन खाली स्टँड दिले, हँडब्रेक सोडला. मधली पत्र्याची टोपी काढली, स्प्लिट पिन सरळ करून ओढली, कॅसल नट सोडवला आणि पुलर लावून ड्रम ओढला. आत ब्रेकच्या लायनरची काळी भुकटी साठलेली होती. ती आमच्याकडे फुंकर मारून किंवा हवा मारून उडवायची पद्धत आहे. माझ्या गॅरेजमध्ये ते मी बंद केलं. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ते छातीत गेलं तर परत निघत नाही. ओल्या फडक्याने पुसायचं. हाताखालच्या पोराला मी हे रोज सांगतो आणि रोज सांगत राहीन.

ड्रम हातात आला की आपल्याकडे दोन रस्ते निघतात, आणि मला कळकळीने सांगायचं आहे ते इथे.

एक रस्ता वेल्डिंगचा. तुटक्या बुडावर बाजारातला कुठलाही बोल्ट उभा करायचा आणि वेल्डिंगचा टाका मारायचा. पंधरा मिनिटांचं काम. असे ड्रम माझ्याकडे आलेले आहेत. हे ड्रम बिडाचे असतात. बीड दाबाला भक्कम, पण ठिसूळ. त्याला एका जागी लाल होईपर्यंत तापवलं आणि तसंच गार होऊ दिलं की टाक्याच्या कडेने ते काचेसारखं कडक होतं आणि तिथेच तडकतं. शिवाय स्टडचं पोलाद विशिष्ट आच देऊन कडक केलेलं असतं, वेल्डिंगच्या आचेत तेही मऊ पडतं. म्हणजे एक तुटका स्टड होता, त्याच्या जागी मऊ स्टड आणि तडकलेला ड्रम झाला. तो ड्रम त्याच बाजूचा ब्रेकही आहे. त्या गाडीत कुणाचं तरी अख्खं घर बसून जाणार असतं.

दुसरा रस्ता लेथचा. मी ड्रम घेऊन शहराच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या पुढे, लेथवाल्या मामांकडे गेलो. मामांची लेथ मुळात यंत्रमागांचे भाग करायला आहे. टॉवेल-चादरीच्या मागांची झिजलेली चाकं, शाफ्ट, बुश यांवर त्यांचा हात चालतो. सर सोबत होते. त्यांनी विचारलं, "मामा, तुम्हीच दोन स्टड कातून द्या ना. तुमच्यासारखा कारागीर असताना बाजारात कशाला जायचं?"

मामा घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी. त्यांनी ड्रम फिरवून बघितला. "मी कातला तर दिसायला याच्यापेक्षा छान दिसंल सर," ते म्हणाले. "पण मी नाही देणार. कातलेल्या आट्याला मुळाशी धार राहते. चीर तिथूनच निघते. कंपनीचा आटा कातलेला नसतो, दाबून उठवलेला असतो."

हे मामांनी फार मोलाचं सांगितलं. कारखान्यात स्टडचे आटे दोन कडक साच्यांमध्ये गोल फिरवत, दाबून उमटवतात. त्यात लोखंडाचे तंतू कापले जात नाहीत, कणकेच्या लाटीसारखे वळतात. आट्याची मूळ खोबण त्यामुळे गुळगुळीत आणि दाबलेली राहते. आणि स्टडवरचा सगळ्यात जास्त भार नट जिथे सुरू होतो त्या पहिल्या एक-दोन आट्यांवरच येतो. सरांचा स्टड बरोबर तिथेच तुटला होता. साध्या सळईतून, कितीही चांगल्या हाताने कातलेला स्टड त्या जागी टिकणार नाही. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असे आकडे कोरलेले असतात, ते शोभेचे नसतात. पहिला आकडा शंभराने गुणायचा. 10.9 चा अर्थ दर चौरस मिलिमीटरला साधारण 1000 न्यूटन ओढीला तो तुटेल, आणि त्याच्या नऊ-दशांश, म्हणजे 900 न्यूटनपर्यंत ताणला तरी परत जागेवर येईल. बाजारातल्या साध्या सळईत याच्या निम्मंही बळ नसतं.

तेव्हा स्टड मूळ गाडीचाच घ्यायचा, त्याच लांबीचा, डोक्याखाली त्याच जाडीची दातेरी मान असलेला. मारुतीचे अजून मिळतात आणि महाग नाहीत. मी चार घेतले. तुटले दोन, चौथा ताणलेला. सैल नटाच्या तिसऱ्याला मी निर्दोष धरून ठेवू शकलो नाही. ज्या दिवशी त्याचे शेजारी निकामी होत होते, त्या दिवशी तो त्यांचा भार ओढत होता.

जुने स्टड काढायचं आणि नवे बसवायचं काम मामांच्या प्रेसवर केलं. आमच्या धंद्यात हे काम घणाने करणारे खूप आहेत. ड्रम फरशीवर ठेवायचा आणि स्टडवर घाव घालायचा. स्टड निघतो, पण बिडाची चकती मध्ये कुठेतरी टेकू नसताना मार खाते आणि एक तर तडकते नाही तर वाकते. वाकलेला ड्रम ब्रेक मारला की पायाला थरथर देतो. मामांनी ड्रम पालथा घातला, आतून स्टडच्या डोक्याभोवती बरोबर बसेल असा जाड पाइपचा तुकडा टेकू म्हणून ठेवला आणि प्रेस हळूच खाली आणला. काट्याकडे बघत होतो. 'टप्प' असा आवाज आला आणि स्टड पाइपात पडला.

नवा स्टड बसवताना ड्रम उताणा. स्टड आतून घालायचा. भोकाच्या भिंतीवर जुन्या दातांचे ओरखडे असतात, त्यांच्यात नव्याचे दात जुळवून मग दाबायचा. दात नव्या जागी चालले तर भोक मोठं होतं. डोकं चकतीला टेकलं की प्रेसचा आवाज बदलतो, तिथे थांबायचं. पाना लावून बघायचं, बोटाने जोर देऊन बघायचं. स्टड भोकात फिरला तर तो ड्रम बाद, त्याला टाका मारायचा नाही. सुदैवाने चारही पकडीत बसले. जिथे प्रेस नाही तिथे बाहेरून जाड वायसर आणि नट लावून, नट आवळत स्टड ओढून घेतात. अडल्यावेळी ते चालतं, पण त्यासाठी वापरलेला नट नंतर फेकून द्यावा आणि आवळताना बेताने घ्यावं, नाही तर नवा स्टड बसायच्या आधीच ताणला जातो.

मग ड्रम दोरीला टांगला आणि वडिलांच्या हातोड्याने हलकेच वाजवला. माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो तसं. आवाज लांब, स्वच्छ आला. तडा असता तर बद्द आला असता. सरांनी परत एकदा वाजवायला लावला.

जुन्या जीपवाल्यांनी इथे थोडं थांबावं. महिंद्रांनी 1947 पासून मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. त्या घराण्याच्या जुन्या जीपांना बऱ्याचदा डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. उजव्या बाजूला नट नेहमीसारखा डावीकडे फिरवून सुटतो, डाव्या बाजूला तसा फिरवला तर आणखी आवळला जातो. चाक पुढे फिरताना सैल नट ज्या दिशेने सुटत जायचा संभव असतो, ती दिशा दोन बाजूंना उलटी असते, म्हणून ही योजना. वडापवर चालणाऱ्या जीपा आमच्याकडे भरपूर होत्या तेव्हा नव्या पोरांनी पान्याला पाइप घालून, अंगाचा भार टाकून, असे स्टड धडाधड तोडलेले मी पाहिले आहेत. नट सुटत नसेल तर जोर वाढवायच्या आधी स्टडच्या टोकावर 'एल' हे इंग्रजी अक्षर कोरलेलं आहे का, ते बघावं. त्या ड्रमांत बऱ्याचदा स्टडची मान ठोकून फुगवलेली असते. ती कड आधी छिन्नीने किंवा लेथवर काढल्याशिवाय दाबलं तर भोकच फाटतं.

पुन्हा सरांच्या गाडीकडे. बेअरिंग धुऊन नवं ग्रीस भरलं, ड्रम चढवला, कॅसल नट नेमक्या जोराने आवळला, स्प्लिट पिन नवी घातली. जुनी पिन परत वापरण्यात वाचतं ते काहीच नाही. ड्रमचं तोंड तारेच्या ब्रशने घासलं, रिमेचा रंग टेकायच्या जागेवरून खरवडून काढला आणि वाट्या तपासल्या. सैल चाकावर गाडी चालली की रिमेची भोकं लांबट होतात, तशी झाली असती तर रिमही बदलावी लागली असती. नटाची निमुळती बाजू रिमेकडे. हे मी मुद्दाम लिहितो, कारण उलटे लावलेले नट महिन्यातून एकदा तरी बघतो. उलटा नट घट्ट वाटतो, पण कडेच्या रेघेवर टेकलेला असतो. आट्यांना तेलही लावलं नाही. तेल लागलं की त्याच जोरात नट जास्त फिरतो आणि स्टड जास्त ताणला जातो.

नट आधी हाताने, मग पान्याने, समोरासमोरचे जोडीने. एक, त्याच्या समोरचा, मग उरलेले दोन. शेवटचं आवळणं गाडी जमिनीवर आल्यावर, टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यावर. तो आकडा आला की पाना 'कट्ट' करतो, हात थांबवायचा. उजव्या मागच्या चाकाचे चारही स्टड बोटांनी नट फिरवून तपासले, चारही धड होते, ते तसेच ठेवले. शेवटी प्रत्येक नटापासून रिमेपर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढली. नट हलला तर रेघ तुटलेली दिसते. मोठ्या बसच्या नटांवर पिवळे बाण लावलेले असतात ते यासाठीच. घरी रंग नसेल तर नेलपॉलिश चालतं.

आणि व्हील कॅप मी परत लावली नाही. सरांच्या हातात दिली. त्यांनी काही न बोलता ती डिकीत ठेवली.

"शंभर किलोमीटर झाले की या," मी सांगितलं. नवे स्टड थोडे बसतात, रंग-गंजाचा उरलेला कण चेपतो, म्हणून एकदा परत टॉर्क बघावा लागतो. चाक काढून बसवलं की हे कुठल्याही गाडीला लागू आहे, नव्यालाही. बहुतेक लोक येत नाहीत. सर पुढच्या रविवारी आले, पंढरपूरला जाऊन. रेघा चारही शाबूत होत्या. तीन नटांनी लगेच 'कट्ट' केलं, एक नट इंचाच्या आठव्या भागाएवढा फिरला आणि मग थांबला. "हाच तो आधी तुटलेल्याच्या जागचा?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग त्यांनी खिशातून भिंग काढलं, घरचं, माझ्यापेक्षा चांगलं, आणि तो तपकिरी तुकडा मागितला. माझ्या फळीवर तो ठेवलेलाच होता. नातीला दाखवायचा होता, पण त्याआधी त्यांना रेघा मोजायच्या होत्या. मला सतरा दिसल्या होत्या. त्यांना एकोणीस दिसल्या. "तू कडेच्या दोन सोडल्यास," म्हणाले, आणि स्टूल उन्हात ओढून तिसऱ्यांदा मोजायला बसले.